मदत हवी आहे: आईच्या चारकोलच्या गोळ्या आणि थायरॉईडची गोळी

नमस्कार. फार्मसी किंवा वैद्यकीय क्षेत्रातल्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं. सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्हाला पुन्हा पुन्हा विचारावं लागणार नाही.

आई ६७ वर्षांची आहे. थायरॉईडसाठी थायरॉक्सिनची गोळी गेली अकरा वर्षं चालू आहे, सध्या ७५ मायक्रोग्रॅम. हृदयासाठी कमी डोसची ऍस्पिरिन रोज. आणि गॅसेसचा जुना त्रास. जेवली की पोट तट्ट फुगतं, रात्री नीट झोपताही येत नाही. अडीच महिन्यांपूर्वी कुणीतरी तिला ऍक्टिव्हेटेड चारकोलच्या गोळ्या सुचवल्या. 'कोळसाच तो, रक्तात जात नाही, जसा पोटात जातो तसा बाहेर येतो' हे तिला पटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही पटलं. तिला आराम पडला हेही खरं.

गेल्या आठवड्यात टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की वाढणारा रक्ततपासणीतला आकडा) ११.४ आला. वर्षापूर्वी २.९ होता. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चुकतायत का? आई अगदी रडकुंडीला आली, कारण अकरा वर्षांत तिने एक दिवसही गोळी चुकवलेली नाही. डोस १०० करायचं ठरलं. चारकोलचा विषयच निघाला नाही. तिच्या लेखी ते औषध नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे होते. सकाळी पाहिलं तर पाण्याच्या बाटलीच्या झाकणात एक इवलीशी पांढरी गोळी, आणि तिला खेटून दोन काळ्या. पांढरीच्या कडेला काळी भुकटी लागलेली. तिने तिन्ही एका घोटात घेतल्या. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा शंका आली.

चारकोलमुळे थायरॉईडची गोळी वाया जाते का? जात असेल तर दोन्हीत किती अंतर ठेवायचं? शौचाला महिनाभर काळी होतेय, ती म्हणते चारकोलचाच रंग आहे, मग काळजी नको ना? आणि शेवटचं, बहिणीचा दीड वर्षाचा मुलगा आमच्याकडे असतो. विषबाधेवर चारकोल देतात असं ऐकलंय, तर घरात एक पाकीट त्यासाठी ठेवावं का?

प्रतिसाद

ताई, मी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. आधी महत्त्वाचं: वाढवलेला डोस सुरू करण्याआधी डॉक्टरांना फोन करून चारकोलबद्दल सांगा. समजा डोस वाढला आणि पुढे आईंनी चारकोल बंद केला, तर थायरॉक्सिन अंगात जास्त होईल. धडधड, हाताला कंप, नाडी अनियमित होणं. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांच्यासाठी हे साधं नाही.

तुमची शंका रास्त आहे. चारकोल रक्तात जात नाही हे खरं, पण आतड्यात तो स्वस्थ बसत नाही. साध्या कोळशाला प्रचंड तापमानात वाफेने किंवा रसायनाने 'ऍक्टिव्हेट' करतात, त्याने त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं पडतात. एका ग्रॅमचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो. त्या पृष्ठभागावर औषधाचे रेणू चिकटतात आणि शौचावाटे निघून जातात. हे विष, हे औषध असा भेद त्याला करता येत नाही. थायरॉक्सिन, डिगॉक्सिन, पॅरासिटामॉल, गर्भनिरोधक गोळ्या, बरीच मोठी यादी आहे.

अंतर साधारणपणे किमान दोन तास सांगतात. थायरॉक्सिनच्या बाबतीत मी चार तासांपेक्षा कमी सांगणार नाही. आणि गंमत अशी की गॅसेससाठीसुद्धा सकाळी उपाशीपोटी घेऊन उपयोग नाही. युरोपात चारकोलच्या पाकिटावर गॅसेसचा दावा करायला परवानगी आहे ती अशा अटीवर: १ ग्रॅम जेवणाआधी किमान अर्धा तास आणि १ ग्रॅम जेवणानंतर लगेच. म्हणजे घ्यायचाच असेल तर रात्रीच्या जेवणाच्या वेळी. तेव्हाही दुसरी औषधं असतील तर तीही मोजा. बद्धकोष्ठ असेल तर मात्र टाळाच.

प्रतिसाद

वरच्या सल्ल्याला एक पुस्ती. माझ्या भावाला फिट्ससाठी कार्बामाझेपिन आहे. त्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की त्याने चारकोल अंतर ठेवूनही घ्यायचा नाही, कारण काही औषधं रक्तात गेल्यावरही चारकोल त्यांना आतड्यात परत ओढून घेतो. विषबाधेत डॉक्टर याच गुणाचा उपयोग करतात म्हणे, चारकोलचे पुन्हा पुन्हा डोस देऊन. तेव्हा आईंच्या सगळ्या गोळ्यांची नावं दाखवा, एकट्या थायरॉईडची नको.

प्रतिसाद

मी बरीच वर्षं कॅज्युअल्टीत नर्स होते. मला काळजी वाटली ती काळ्या शौचाची. चारकोलने रंग काळा होतो, लोहाच्या गोळ्यांनीही होतो. पण रोज ऍस्पिरिन घेणाऱ्या ६७ वर्षांच्या बाईंच्या पोटात हळूहळू रक्तस्राव होत असेल तर तोही काळाच दिसतो. चारकोलमुळे ती खूणच झाकली जाते. चारकोल आजच थांबवा आणि याच आठवड्यात डॉक्टरांना सांगून हिमोग्लोबिन आणि शौचाची तपासणी करून घ्या. डांबरासारखी चिकट, उग्र वासाची असेल, चक्कर येत असेल, दम लागत असेल, तर वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा.

आता बाळाचं. कृपा करून घरी देऊ नका. विषबाधेत मोठ्या माणसाला साधारण ५० ग्रॅम लागतो. २५० मिलिग्रॅमच्या गोळ्या धरल्या तर दोनशे गोळ्या! लहान मुलांना वजनाच्या किलोमागे १ ग्रॅम, पाण्यात कालवून, आणि तोही शक्यतो विष पोटात गेल्यापासून तासाभरात. पोर अर्धवट गुंगीत असेल आणि उलटी झाली तर तो काळा लगदा फुफ्फुसात जातो. तोंडाभोवती, नाकाशी काळं फासलेलं मूल धाप टाकताना मी पाहिलंय, घरच्यांनी चांगल्या हेतूनेच पाजलेलं होतं. शिवाय लोहाच्या गोळ्या, लिथियम, अल्कोहोल यांना चारकोल धरतच नाही. ऍसिड किंवा रॉकेल पोटात गेलं असेल तर देऊच नये.

मुलाने काही गिळल्याची शंका आली तर वेळ बघून ठेवा, बाटली किंवा पाकीट हातात घ्या, विष माहिती केंद्राला किंवा दवाखान्याला फोन लावा आणि निघा. उलटी करवू नका. आणि त्या झाकणातल्या गोळ्यांचं आधी बघा. दीड वर्षाच्या मुलाचा हात पोचेल अशा जागी असतील, तर खरा धोका तिथे आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. नर्सताई, तुमचा प्रतिसाद वाचून त्याच संध्याकाळी चारकोल बंद केला. डॉक्टरांनी डोस ७५ च ठेवलाय, टीएसएच सहा आठवड्यांनी पुन्हा करायचा. चौथ्या दिवशी शौचाचा रंग नेहमीसारखा झाला. हिमोग्लोबिन ११.८ आहे, शौचाच्या तपासणीत रक्त नाही. गॅसेससाठी ते आता मूळ कारण शोधणार आहेत. थायरॉईड कमी पडलं की आतडी मंदावतात, तेव्हा पोट फुगण्यात त्याचाही वाटा असू शकतो असं म्हणाले. म्हणजे जिच्यासाठी चारकोल घेत होती ती तक्रार कदाचित त्यानेच थोडी वाढवली असेल.

गोळ्यांचा डबा वरच्या कपाटात गेलाय. सहा आठवड्यांनी रिपोर्ट आला की इथेच लिहीन.