नवी घोडी आली आहे, पाठीवर कधी बसावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझी स्वतःची पहिली घोडी नुकतीच तबेल्यात आली आहे. नऊ वर्षांची, पूर्ण शिकलेली. आधीच्या मालकांकडे आठवड्यातले बहुतेक दिवस रपेटीला जायची. मी रायडिंग स्कूलमध्ये काही वर्षं शिकले आहे, दुडकी आणि कँटर (दुडकीपेक्षा वेगाची चाल) जमतं, मांड बऱ्यापैकी पक्की आहे. पण शाळेत घोडा खोगीर कसूनच समोर यायचा आणि तास संपला की मोतद्दाराच्या हाती जायचा. चोवीस तास घोडा आपल्याच भरवशावर, हा प्रकार मला नवा आहे.

बघायला गेले तेव्हा ही घोडी म्हणजे अगदी गरीब गाय होती. मी स्वतः बसले, बाजूने ट्रॅक्टर गेला तरी हिचा कान हलला नाही. इथे उतरल्यापासून मात्र वेगळंच जनावर आहे. कुंपणालगत येरझाऱ्या, लांब कुठे घोडा दिसला की खिंकाळणं, बादलीचा आवाज झाला तरी बुजणं. वैरण खाते, पण दोन घास घेतले की पुन्हा दाराशी. खरारा करू देते. तंगाच्या (खोगीर आवळणारा पोटाखालचा पट्टा) जागी हात गेला की मात्र कान मागे पाडते. खोगीर मी अजून टाकलेलं नाही.

तबेल्यातले एक जुने जाणकार म्हणतात, "आजच बस. चार दिवस मोकळी ठेवलीस की डोक्यावर चढेल." एक मैत्रीण म्हणते, महिनाभर पाठीवर बसण्याचा विचारही करू नकोस. दोघंही इतक्या ठामपणे बोलतात की मी ज्याचं शेवटचं ऐकते ते मला पटतं. एक आठवडा, दोन आठवडे, एक महिना, असा काही नियम असतो का? आणि तोवर मी नेमकं काय करायचं? नुसतं बघत बसणं माझ्या स्वभावात नाही.

---

प्रतिसाद

ताई, आधी अभिनंदन. आता थोडं लांब लिहितो, कारण या प्रश्नाला "दोन आठवडे" असं छापील उत्तर देणाऱ्यांनी बऱ्याच जणांना खाली पाडलंय.

पहिले काही दिवस बसण्याचा प्रश्न बाजूला ठेवा आणि तब्येत बघा. लांबच्या प्रवासात घोड्याचं डोकं वर बांधलेलं असतं. मान खाली घालता न आल्यामुळे श्वासनलिकेतला कफ आणि धूळ बाहेर पडत नाही, त्यातून फुप्फुसाचा संसर्ग होऊ शकतो. तो दोन-तीन दिवसांनीही डोकं वर काढतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. निरोगी मोठ्या घोड्याचं तापमान साधारण ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस असतं. शांत उभी असताना नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६. हे आकडे ती बरी असतानाच वहीत लिहून ठेवा. उद्या ती उदास वाटली तर तुलनेला तिचे स्वतःचे आकडे हाताशी हवेत.

मग पोट. घोड्याला उलटी करता येत नाही आणि जठरात आम्ल सतत पाझरत असतं, पोट भरलेलं असो वा रिकामं. नवी जागा, अर्धवट खाणं आणि येरझाऱ्या एकत्र आल्या की अल्सर आणि पोटशूळ दोन्हींना वाट मिळते. आधीच्या मालकांना फोन करून विचारा: कुठलं गवत, किती चंदी (दाण्याचा खुराक), कुठल्या वेळी. तेच सुरू ठेवा आणि बदल करायचाच तर ७ ते १४ दिवसांत थोडा थोडा मिसळत करा. गवत किंवा वाळलेली वैरण रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे ४५० किलोच्या घोडीला ७ ते ९ किलो. काम बंद असताना चंदी मात्र कमी करा. अर्धा "नव्या घोड्याचा माज" तोबऱ्यातून येतो, हे माझं ठाम मत.

लीद मोजायला लाजू नका. दिवसाला साधारण ८ ते १२ वेळा टाकते. एकदम कमी झाली, ती पाय आपटायला लागली, कुशीकडे वळून वळून बघायला लागली, तर इथे धागा काढू नका, डॉक्टरांना बोलवा.

एक खूण फार कमी लोक बघतात. घोडा उभ्याने डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं, आणि जिथे धोका वाटतो तिथे तो आडवा होत नाही. सकाळी तिच्या कुशीला, मांडीला खाली अंथरलेला भुसा चिकटलेला दिसतो का बघा. तो दिसला की तिने जागा मान्य केली असं मी धरतो.

---

प्रतिसाद

वरच्या दादांचं तब्येतीबद्दलचं सगळं मान्य. पण महिनाभर सुट्टीच्या मी विरोधात आहे. जी घोडी रोज कामाला होती तिला अचानक बंद दारामागे उभी केली आणि खाणं तेवढंच ठेवलं, तर महिन्याने तुम्ही घोडीवर नाही, फटाक्यावर बसाल. माझा सध्याचा घोडा आला त्याच आठवड्यात मी त्याच्यावर बसलो, फक्त चालीवर. काही झालं नाही. त्याला जुन्या ठिकाणचंच वेळापत्रक दिलं होतं, सोबत दुसरा जुना घोडा होता.

रोज एकाच वेळी बाहेर काढा, मोरकी (तोंडावर बांधायची दोरी) घालून सगळा परिसर हातात धरून फिरवा. दोन्ही बाजूंनी. डावीकडून जाताना पाहिलेली बादली उजवीकडून येताना तिच्यासाठी नवीच बादली असते. तुम्हाला नुसतं बसवत नाही ना, मग हे भरपूर काम आहे.

---

धागाकर्ती

दोघांचे आभार. ताप नाही, नाडी ४० च्या आसपास. भुसा आजपर्यंत बघितला नव्हता, उद्या बघते.

सोबतीचा प्रश्न आहे. डॉक्टरांनी सध्या बाकीच्या घोड्यांपासून वेगळी ठेवायला सांगितलंय, म्हणून ती एकटी आहे. खिंकाळते ती त्यामुळेच का? आणि ट्रॅक्टरजवळ शांत असलेली घोडी इथे बादलीला घाबरते, याचं मला कोडं आहे.

---

प्रतिसाद

वेगळी ठेवताय ते योग्यच. स्ट्रँगल्ससारखा (घोड्यांच्या घशाच्या गाठी सुजवणारा संसर्गजन्य रोग) आजार संसर्गानंतर ३ ते १४ दिवसांनी दिसतो, म्हणून दोन-तीन आठवडे वेगळं ठेवण्याची पद्धत आहे. पण वेगळं म्हणजे एकांतवास नव्हे. काही मीटर अंतरावर, नाकाला नाक लागणार नाही अशा बेताने एखादा शांत घोडा तिच्या नजरेसमोर राहू द्या. बादल्या, ब्रश, मोरकी वेगळी. तिचं काम सगळ्यात शेवटी करा आणि मग हात धुवा. कळपातला प्राणी एकटा पडला की राखण करायला दुसरं कोणी नसतं, सगळी पहारेदारी त्याच्याच डोक्यावर. मग बादलीसुद्धा शत्रू वाटते.

कोड्याचं बहुतेक उत्तर हेच: तिथली जागा, ट्रॅक्टर, माणसं तिच्या ओळखीची होती. दुसरी शक्यता कटू आहे, पण लिहितो. विक्रीच्या वेळी शांत करणारं किंवा वेदनाशामक औषध दिल्याचे प्रकार होतात. खरेदीपूर्व तपासणीत रक्ताचा नमुना घेऊन ठेवला असेल तर तो तपासता येतो. लगेच कोणावर आरोप करू नका, डॉक्टरांशी बोला.

मला खटकतंय ते तंगाचं. हात लागताच कान मागे पाडते, हे "सवय" म्हणून सोडू नका. अल्सर, पाठदुखी, आधीच्या खोगिराचा त्रास, यातलं काहीही असू शकतं. खांद्यामागे, खोगीर टेकतं तिथे पांढरे केस उगवलेत का बघा, जुन्या घर्षणाची खूण असते ती.

---

प्रतिसाद (पहिल्याच दादांचा)

बरोबर, तंगाचा मुद्दा मी पहिल्या वाचनात सोडून दिला होता. ते स्पष्ट होईपर्यंत बसू नका. त्यापुढे कॅलेंडर माझ्या हिशेबात येत नाही.

मी काय बघतो ते सांगतो. वैरण संपवते का. रात्री आडवी होते का. पकडायला गेलं की निघून जाते की उभी राहते. हातात धरून फिरवताना मी थांबलो की थांबते का. खोगीर टाकून, तंग एकेक भोक आवळत तिला चालवलं तर पाठ सैल राहते की कमान होते. आणि सर्वात महत्त्वाचं, ती बुजते की नाही हे नाही, बुजल्यावर किती लवकर सावरते. झटकन थबकली, फुरफुरली, दोन श्वासांत मान खाली घातली, तर तिच्यावर बसता येईल. तीच मान पाच मिनिटं वर ताणलेली राहिली तर आज नाही. हे सगळं काहींचं चार दिवसांत जमतं, काहींना सहा आठवडे लागतात.

पहिल्या दिवशी दमवून मग बसायचं, हा सल्ला कोणी देईल. ऐकू नका. लांब दोरीवर गोल गोल पळवून सांधे शिणतात आणि काही दिवसांत घोडी आणखी दमदार होते. दोरीवर दोन्ही दिशांना काही मिनिटं पुरेत, तेही फक्त आजचा मूड वाचण्यासाठी. त्याआधी थोडं गवत खाऊ द्या, म्हणजे रिकाम्या जठरात आम्ल उसळत नाही. रोज फिरवता त्याच बंदिस्त जागेत, वारा नसताना, खाली एक जाणता माणूस उभा ठेवून, स्टुलावरून चढा. रिकिबीला लोंबकळत चढलात की सगळा भार तिच्या पाठीच्या एका बाजूला येतो. चढण्यापूर्वी तंग पुन्हा तपासा, पुष्कळ घोडे पहिल्यांदा आवळताना छाती फुगवून ठेवतात. हेल्मेट, टाचेचे बूट, जमलं तर छातीचं संरक्षक जॅकेट. दहा-पंधरा मिनिटं फक्त चाल, थांबणं, वळणं. छान चाललंय असं वाटेल तेव्हाच उतरा. दुडकीचा मोह आवरा.

---

धागाकर्ती

आज सकाळी बघितलं, उजव्या मांडीला भुसा होता! पांढरे केसही सापडले, खांद्यामागे दोन्ही बाजूंना, नाण्याएवढे. डॉक्टर परवा येताहेत, पाठ आणि पोट दोन्ही बघायला सांगितलंय. दात तपासायचेत का तेही विचारते. समोरच्या कुंपणात म्हातारा घोडा आणून ठेवला, येरझाऱ्या निम्म्यावर आल्या. जुन्या जाणकारांना सांगितलं की खोगीर बसवणाऱ्याने माप घेईपर्यंत बसणार नाही. ते हसले, पण परवा डॉक्टर आले की घोडी धरायला येतो म्हणाले.

एक विचारायचं राहिलं. जुन्या मालकांकडून तिचंच खोगीर घेऊ शकते, ते देताहेत. पांढऱ्या केसांमुळे घेऊ नये ना?

---

प्रतिसाद

घेऊ नका. निदान माप घेणाऱ्याला दाखवल्याशिवाय तर नाहीच. काम बंद राहिलं की पाठीचे स्नायू उतरतात, त्यामुळे आज बसलेलं खोगीरही दोन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यावं लागेल.