लोकलच्या प्रवासात गंभीर विषय ऐकून समजतो का?

कल्याणचा प्रवासी
गेली अकरा वर्षे मी कल्याणहून मुंबईला लोकलने ये-जा करतो. अंतर सुमारे ५४ किलोमीटर. जलद गाडीनेही तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो. एक हात कडीला आणि दुसरा छातीशी धरलेल्या सॅकवर असल्यामुळे पुस्तक उघडणे अशक्य, म्हणून मी ऐकू लागलो. बीबीसीचा १९९८ साली सुरू झालेला ‘इन अवर टाइम’ हा कार्यक्रम मला या वेळेसाठी उत्तम वाटतो: एकच विषय, त्याचे बहुधा तीन अभ्यासक आणि त्यांना आडवाटेला जाऊ न देणारा सूत्रधार. मराठीत श्राव्य कादंबऱ्या भरपूर आहेत, पण अशी चर्चा फार थोडी सापडते. न्या. रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्या भाषेत ही उणीव राहावी याचे मला मनापासून वाईट वाटते.

डोंबिवलीची वाचक
मी सहमत नाही. ऐकणे आणि समजणे यांत अंतर आहे. गेल्या महिन्यात मी पानिपतावरचे एक व्याख्यान ऐकत होते. कुंजपुरा जिंकून मराठे उत्तरेकडे असतानाच अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि त्यांचा दिल्लीशी संबंध तोडला, इथपर्यंत वक्ते आले, तेवढ्यात ठाणे आले आणि उतरणाऱ्यांना वाट देता देता कोण नदीच्या कोणत्या बाजूला होते हेच माझ्या डोक्यातून निसटले. तिथे नकाशाच हवा होता. शिवाय फलाट बदलल्याची घोषणा कानावर पडावी म्हणून एक कान मोकळा ठेवावा लागतो. अर्ध्या कानाने घेतलेल्या ज्ञानामुळे विषय कळल्याचा भ्रम तेवढा होतो.

कल्याणचा प्रवासी
नकाशाचा मुद्दा मान्य आहे. युद्धाच्या हालचाली कानाने कळणे कठीणच. परंतु दोष ऐकण्याचा नाही, रचनेचा आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंगाचे निरूपण आणि उत्तररंगात आख्यान असते, आणि बुवा पुन्हा पुन्हा मूळ पदावर येतात, त्यामुळे ज्याने कधी वही-पेन्सिल हाती धरली नाही, त्यालाही अवघड सिद्धान्ताचा धागा सापडतो. वाचण्यासाठी लिहिलेला निबंध माइकसमोर नुसता वाचून दाखवला, तर तो गर्दीत हरवणारच. कानासाठी वेगळे लिहावे लागते, आणि ते कष्ट आपले अभ्यासक घेत नाहीत, हे माझे खरे दुःख आहे.

डोंबिवलीची वाचक
कीर्तनाचा दाखला मला पटला, पण अर्धाच. बुवांना समोरचे चेहरे दिसतात. कोणाच्या कपाळावर आठी पडली की ते तोच मुद्दा दुसऱ्या दृष्टान्ताने सांगतात. ध्वनिमुद्रणाला माझी आठी दिसत नाही. तरी संध्याकाळच्या गाडीत बसायला जागा मिळाली, तर पानिपतचे ते व्याख्यान मी बागपतपासून पुन्हा ऐकेन, या वेळी मांडीवर नकाशा ठेवून.