हरिश्चंद्रगडावर मित्र गारठला, आमचं काय चुकलं?

ओला_भटक्या:
गेल्या शनिवारी पाचनईतून गड केला, सहा जण होतो. कोकणकड्यावर आत्ता धुकं उघडेल मग उघडेल करत तासभर थांबलो, पाऊस आडवा आणि वारा तर उभं राहू देईना. उतरताना एकजण जाम कुडकुडायला लागला, अंगात जीन्स आणि कॉटनचा टीशर्ट, पॉन्चो वाऱ्याने फाटलेला. थोड्या वेळाने हुडहुडी थांबली म्हणून आम्ही म्हटलं चला, सावरला. पण गडी गप्प, बुटाची लेस बांधता येईना, काहीतरी भलतंच बोलायला लागला आणि मला इथेच बसू द्या म्हणाला. एकाने रमचा घोट दिला, दोघांनी हातपाय चोळले. खाली एका मावशींच्या घरात घोंगडीत दोन तास काढल्यावर माणसात आला. हा हायपोथर्मिया का? बर्फ कुठे होता, १८-२० डिग्री असेल!

कातळखाच:
शंभर टक्के तोच. बर्फ लागत नाही रे, ओले कपडे आणि वारा पुरतो. शरीराचं आतलं तापमान ३५ च्या खाली गेलं की हायपोथर्मिया. हुडहुडी म्हणजे शरीर स्वतःच हीटर चालवतंय, माणूस गार असतानाच ती थांबली तर हीटर बंद पडला असं समजायचं, तुम्ही नेमकं तिथेच निवांत झालात. लेस न बांधता येणं, अडखळणं, जीभ जड होणं हे दिसलं की फोटोबिटो बंद, आडोसा शोधायचा, ओलं सगळं काढायचं, कोरडं चढवायचं, खाली कॅरीमॅट टाकायची (जमीन फार उष्णता ओढते, हे लोक विसरतातच) आणि वरून प्लास्टिक गुंडाळायचं. आणि जीन्स? पावसाळ्यात?? असो.

रानमेवा७:
रमने काय होतंय, आमच्याकडे सगळे घेतात, गरम वाटतं.

नाइटड्यूटी_सिस्टर:
वाटतं तेवढंच. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली ऊब बाहेर जाते आणि माणसाला आपण गारठतोय हेही कळत नाही. हातपाय चोळूही नका, आधी धड, म्हणजे छाती-पोट, गरम करायचं. बाटलीत गरम पाणी भरून मोज्यात घालायची आणि काखेत, छातीवर ठेवायची, थेट कातडीला नको, बधिर अंगाला भाजलेलं कळत नाही. शुद्धीत असेल आणि नीट गिळत असेल तर गोड गरम चहा, गूळ, चिक्की काहीही चालेल. झोपेला आला, बरळायला लागला तर चालवत नेऊ नका, आडवाच ठेवा, उचलताना हिसके देऊ नका कारण गारठलेलं हृदय धक्क्याने बिथरतं, आणि १०८ ला फोन. रेंज नसेल तर दोघांना खाली पाठवा, एकट्याला नाही.

कातळखाच:
अजून एक, फार गारठलेला माणूस कधीकधी गरम होतंय म्हणून कपडे काढायला लागतो. चेष्टा समजू नका.

ओला_भटक्या:
बापरे. त्याने खिंडीत टीशर्ट काढला होता, आम्ही हसलो आणि व्हिडिओ काढला. आता त्याला विचारलं तर म्हणतो रम आठवत नाही, टीशर्ट आठवत नाही, डायरेक्ट मावशींची चूलच आठवते.