तुळई, बीम, पिलर, कॉलम: कुठला शब्द कशाला?

प्रश्न (वडगाव, बेळगाव): जुन्या घराची डागडुजी काढलीय. वरच्या जाड सागवानी लाकडाला आजी तुळई म्हणते, गवंडी बीम म्हणूलालाय आणि शेजारचे कन्नड काका तोले म्हणतात. तिन्ही एकच का? आणि पिलर वेगळा, कॉलम वेगळा का? गवंडी म्हणतोय मधली भिंत काढून हॉल मोठा करूया, इथं पिलर नाहीच तर काय होतंय.

खानापूरहून: तिन्ही एकच हो. आडवं, दोन टोकांना टेकलेलं, अंगावरचं वजन कडेला नेऊन खांबावर नाहीतर भिंतीवर सोडणारं ते तुळई, मग लाकूड असो, दगड असो, सिमेंट असो. तुळईवर बारकी आडवी लाकडं त्या कड्या, कड्यांवर फळ्या, तो कडीपाट. कौलारू छपरात सगळ्यात वर आढं आणि त्याच्यावरनं उतरतात ते वासे, वाशाला तुळई म्हणू नये. खाल्ल्या घरचे वासे मोजणे ही म्हण कन्नडमध्ये पण तशीच हाय, उंड मनेय जंते एणिसुवुदु, म्हणजे दोन्हीकडच्या माणसांनी जेवताना वरच बघितलं म्हणायचं. खांबाला कन्नडमध्ये कंब म्हणतात. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण आणि लाकडी खांबाखालचा दगड तो तळखडा, लाकडाला जमिनीची ओल लागू नये म्हणून.

टिळकवाडीहून, साईटवर काम करतो: आधी भिंत काढायचं थांबवा, शब्दांचं नंतर बघूया. पिलर नाही म्हणजे तुमच्या घरात ती भिंतच पिलर आहे, तुळईचं टोक तिच्यावर टेकलेलं असणार. पिलरच्या घरात भिंत नुसती आडोसा असते, भिंतीवरच्या घरात भिंत भार घेते, हे दोन्ही शब्द आपल्याकडे सगळे वापरतात खरं त्यातला फरक घर पाडताना विसरतात.

पिलर आणि कॉलम बोलण्यात एकच, नकाशावर कॉलम लिहितात. त्याच्यावर मुख्यतः दाब येतो आणि तो फार उंच नि बारीक असला तर चिरडायच्या आधीच कडेला वाकून जातो, म्हणून जाडी नुसती वजन बघून ठरत नाही. तुळईचं काम वेगळं, ती वाकते, वाकली की वरची बाजू आवळली जाते आणि खालची ताणली जाते. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसायची ताकद त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकीच, म्हणून मधल्या भागात मुख्य सळ्या खाली असतात. गॅलरीत उलटं, ती एकाच टोकाला धरलेली, ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून तिथं सळी वरच पाहिजे, आणि काँक्रीट ओतताना माणसं त्या सळ्यांवर चालून त्या खाली दाबतात, हे बघितलं की मला फार राग येतो. तुळईची रुंद बाजू उभी ठेवतात ती पण कमी वाकावी म्हणूनच, उंची दुप्पट केली की ताकद चौपट होते, रुंदी दुप्पट केली तर नुसती दुप्पट.

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी बघा, दगडी जैन मंदिर, 1204 सालचं, रट्ट राजांच्या काळातलं. दगड पण ताणाला कच्चाच, त्यामुळे दगडी तुळईला लांब पल्ला, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, झेपत नाही आणि खांब जवळजवळ घ्यावे लागतात. खण हा शब्द म्हणूनच महत्त्वाचा, घराचं माप तुळईच्या ताकदीवर ठरायचं.

वडगाव: भिंत राहू दे म्हटलं गवंड्याला. खरं तो म्हणतोय टेकू लावून काढतो. टेकू म्हणजे खांबच की?

टिळकवाडी: नाही. टेकू, धिरा हे काम होईपर्यंतचे, खांब कायमचा आणि त्याला खाली पाया असतो. भिंत काढायचीच असली तर इंजिनिअरला घर दाखवा, भिंतीच्या दोन्ही अंगाला धिरे लावून मग नवा बीम घालतात आणि त्याची टोकं कशावर बसणार ते आधी ठरवतात. काँक्रीटचा बीम असला तर 6 मीटरपर्यंतच्या पल्ल्याला साध्या सिमेंटात किमान 14 दिवस टेकू काढायचे नाहीत, त्याच्यापेक्षा लांब पल्ल्याला 21 दिवस. गवंडी दारावरच्या आडव्या पट्टीला, लिंटलला, पण बीमच म्हणतो, तेव्हा कुठला बीम म्हणतोय ते हात लावून दाखवायला सांगा.