घरची जुनी कागदं पेपरलेसमध्ये टाकायची आहेत, डॉकरचा सेटअप सुचवा (बेळगाव)

खानापूर_रोड
नमस्कार मंडळी. घरी बाबांची ट्रंकभर कागदं आहेत, शेताच्या पहाण्या, खरेदीखतं, करंट बिलं, सगळं एकात एक. १९५६ च्या आधीची, मुंबई राज्यातली मराठीत, काही आज्जाच्या वेळची मोडीत, नंतरची कन्नड आणि बँकेची इंग्रजी. एक सर्व्हे नंबर शोधायचा म्हटलं की अर्धा दिवस जातोय. म्हणून पेपरलेस-एनजीएक्स, म्हणजे स्कॅन केलेली कागदं वाचून शोधता येतील अशी ठेवणारं सॉफ्टवेअर, घरीच चालवायचं बघायलोय. जुना लॅपटॉप आहे, ८ जीबी रॅम, उबुंटू आणि डॉकर (प्रोग्राम आपापल्या वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरात चालवणारं साधन) टाकलंय, पण कंपोज फाईल, म्हणजे कुठले कंटेनर कसे चालवायचे ते लिहिलेली फाईल, उघडली की डोकं गरगरायलंय. डेटाबेस कुठला घेऊ, करंट गेला तर काय होतं, आणि पुण्यातल्या भावाला पण दिसायला पाहिजे. गुगल ड्राइव्ह सुचवू नका, कागदं घराबाहेर जायची नाहीत म्हणजे नाहीत असं बाबांचं म्हणणं.

निपाणीकर
बाबा बरोबर बोलायलेत की. ८ जीबी रग्गड झालं.

उद्यमबाग_फिटर
दादा, एका घरापुरतं असेल तर एसक्यूलाइट या साध्या, एका फाईलीतल्या डेटाबेसवाली कंपोज फाईल घ्या, पोस्टग्रेस या मोठ्या डेटाबेसच्या मागं लागू नका, पुढं त्याचं मेजर व्हर्जन बदललं की जुना डेटा तसाच्या तसा उघडत नाही आणि मग रात्रभर बसा. रेडिस (कामांची रांग सांभाळणारा प्रोग्राम) मात्र लागतंच, ते काढू नका. इमेजला (कंटेनर जिच्यातनं बनतो त्या तयार प्रतीला) लेटेस्ट न लिहिता व्हर्जन नंबर लिहा म्हणजे अपडेट तुमच्या मर्जीनं होईल. करंटचं म्हणाल तर कंपोज फाईलीत रीस्टार्टला अनलेस-स्टॉप्ड लिहा, मशीन चालू झालं की कंटेनर आपोआप उठतात. लॅपटॉपची बॅटरी हाच यूपीएस, फक्त कायम चार्जिंगला राहणार म्हणून ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर लावा, बॅटऱ्या फुगतात.

आता भाषेचं, इथंच सगळे अडकतात. सेटिंगा दोन आहेत, नावं जवळजवळ सारखी. ओसीआर म्हणजे स्कॅनमधली अक्षरं वाचणं. ओसीआर लँग्वेजेस, म्हणजे अनेकवचनी, त्यात मराठी आणि कन्नडचे तीन अक्षरी कोड मध्ये जागा सोडून लिहायचे, त्यानं ते पॅक कंटेनरात उतरतात. इंग्रजी आधीच असतंय. आणि ओसीआर लँग्वेज, एकवचनी, त्यात तिन्ही कोड अधिक चिन्हानं जोडायचे, त्यानं ते वापरात येतात. नुसती पहिलीच सेटिंग लिहिली तर कन्नड पहाणीतनं नुसता कचरा निघतो. आधीच कागदं टाकून बसला असाल तर ती सिलेक्ट करून परत प्रोसेस करता येतात, नव्यानं स्कॅन नको.

शहापूरची_वैनी
छापील कन्नड बऱ्यापैकी वाचतंय, हातानं भरलेले रकाने आणि शिक्क्याखालचं नाही. मोडी तर सोडूनच द्या. तसल्या कागदांना कस्टम फील्ड, म्हणजे आपला वेगळा रकाना, करून सर्व्हे नंबर आणि गाव हातानं घाला, शोधताना तेच कामाला येतंय. आणि कन्झ्यूम फोल्डरात, म्हणजे पेपरलेस जिथनं नवी कागदं उचलतं तिथं, टाकलेली फाईल आत घेतली की तिथनं पुसली जाते हं, एकुलती एक कॉपी तिथं टाकू नका.

खानापूर_रोड
वैनी, हे कुणी सांगितलंच नव्हतं. भावाचं कसं करू, राउटरवर पोर्ट (बाहेरनं आत यायची वाट) उघडला तरी बाहेरनं लागत नाही.

उद्यमबाग_फिटर
राउटरचा बाहेरचा आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला आहे का बघा, असेल तर तुम्ही सीजीनॅटमागं, म्हणजे इंटरनेट कंपनीनं एकच आयपी बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटलाय, पोर्ट उघडून काय बी उपयोग नाही. आणि लागला असता तरी उघडू नका म्हणलो असतो, जमिनीची कागदं आहेत मर्दा! यूएफडब्ल्यू (उबुंटूची फायरवॉल) लावलंय म्हणून निर्धास्त पण राहू नका, डॉकरनं उघडलेला पोर्ट त्याला चुकवून जातो. टेलस्केल (आपल्याच मशीनांमध्ये खाजगी जोडणी करणारं व्हीपीएन) टाका, लॅपटॉपवर आणि भावाच्या फोनवर. दोघांमधला डेटा एन्क्रिप्ट होऊन जातो, फाईल कुणाच्या सर्व्हरवर साठत नाही, बाबांना तेवढंच सांगा.

निपाणीकर
बॅकअप राहिला की! पेपरलेसचा डॉक्युमेंट एक्स्पोर्टर आहे, तो चालवून एक्स्पोर्ट फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्ह दुसऱ्या घरात ठेवा. आणि कंटेनर बंद करायच्या कंपोज डाऊन कमांडला -v कधी लावू नका, व्हॉल्यूम (डेटा साठवायच्या जागा) उडतात, म्हणजे कागदंच उडाली.

खानापूर_रोड
पेनड्राइव्ह मामाकडं ठेवतो, ते पण घराबाहेरच, पण मामा म्हटल्यावर बाबा काय बोलायचे नाहीत. स्कॅन फोननं केला तर चालंल?

शहापूरची_वैनी
बिलांना चालंल. खरेदीखतं स्कॅनरवर ३०० डीपीआयला करा, घडी पडलेली कागदं फोनमध्ये वाकडी येतात आणि नेमकी घडीवरची ओळ वाचली जात नाही.