संतांचा 'फीस्ट डे': जयंती, पुण्यतिथी की सण?

अनुवादिका
एका पॅरिशसाठी संतांच्या दिवसांची मराठी दिनदर्शिका करते आहे. ३ डिसेंबरच्या चौकटीत 'संत फ्रान्सिस झेवियर पुण्यतिथी' असं लिहिलं. माझा हिशेब सरळ होता. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर ते वारले. मुद्रितं तपासणाऱ्या काकांनी शब्दावर लाल रेघ ओढली आणि समासात लिहिलं, 'पुण्यतिथीला कोणी नवे कपडे घालतं का? सण लिहा.' मला 'सण' मोघम वाटतो. दिवाळीही सण, पोळाही सणच. कोणता शब्द ठेवू?

किनारपट्टी
काकांचं बरोबर आहे. आम्ही वसईकडचे, घरात 'सण'च ऐकत आलो. आधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची प्रार्थना, मग सण. आजी चर्चला देऊळ म्हणायची, आणि सणाच्या आदल्या रात्री आमचे कपडे घडी करून उशाशी ठेवायची. पुण्यतिथी म्हटलं की मला भिंतीवरचा हार घातलेला फोटो दिसतो.

मूळशोध्या
'सण' मोघम नाही, ताई. संस्कृत 'क्षण', प्राकृत 'छण', त्यावरून 'सण'. क्षण म्हणजे उत्सव, हा जुना अर्थ आहे. शिवाय 'संत' आणि 'सेंट' एकाच मुळातले, तेव्हा शब्द आपलेच आहेत.

जीर्णपोथी
सणाबद्दल मान्य. संताबद्दल मुळीच नाही. आपला 'संत' 'सत्'वरून, म्हणजे 'असणे' या धातूचा. 'सेंट' लॅटिन 'सांक्तुस'वरून, पवित्र केलेला. उच्चार जुळला म्हणून गोत्र जुळत नाही.
आता मूळ प्रश्न. संताच्या मृत्युदिनाला चर्चची जुनी लॅटिन संज्ञा 'दिएस नातालिस', म्हणजे जन्मदिवस. स्वर्गातला जन्म. म्हणून तो दिवस आनंदाचा. आपल्याकडे तुकोबांच्या बीजेला वैकुंठगमन म्हणतात, त्यामागचा भाव याच्या अगदी जवळचा आहे.

विदर्भवासी
मग पुण्यतिथीत वाईट काय? शेगावला ऋषिपंचमीला गजानन महाराजांचा पुण्यतिथी उत्सवच असतो. पालखी निघते, महाप्रसाद होतो. लहानपणी आम्ही त्या दिवशी नवेच कपडे घालायचो. काकांना हे जरूर सांगा.

शुद्धमराठी
पुण्य'तिथी'ला तिथी हवी. ऋषिपंचमी ही तिथी आहे, ३ डिसेंबर ही तारीख. 'स्मृतिदिन' लिहा, वाद मिटेल.

विदर्भवासी
लोकमान्यांची पुण्यतिथी सगळा महाराष्ट्र १ ऑगस्टला पाळतो. शब्द लोकांच्या तोंडी कधीच पुढे गेला आहे, त्याला मागे ओढू नका.

बार्देशकर
गोव्यात आम्ही 'फेस्त' म्हणतो. पोर्तुगीज 'फेस्ता', पण आता तो आमचाच शब्द. जुन्या गोव्यात २४ नोव्हेंबरला नोव्हेना सुरू होते, ३ डिसेंबरला गोंयच्या सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त.
आणि सगळेच दिवस मृत्यूचे नसतात. २४ जूनचा सांजांव म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्मदिवस, नाताळच्या साधारण सहा महिने आधी. पानाफुलांचं कोपेल डोक्यावर घालून पोरं भरल्या विहिरीत उड्या मारतात, कारण येशूची आई मरिया योहानाच्या आईला भेटायला आली तेव्हा योहानाने आईच्या पोटात उडी मारली होती. त्याच्या शिरच्छेदाचा दिवस वेगळा, २९ ऑगस्ट. तिथे काय लिहाल?

अनुवादिका
म्हणजे २४ जूनला 'जयंती' चालेल आणि ८ सप्टेंबरला मरियामातेचीही. बाकीच्यांना पुण्यतिथी?

किनारपट्टी
तेही जमणार नाही. आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया घ्या. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला २६ जणांना क्रुसावर मारलं, त्यांतले ते एक. पण ५ तारीख संत आगाथाची, म्हणून रोमच्या पंचांगात या २६ जणांचा दिवस ६ फेब्रुवारी. पुण्यतिथी लिहिलीत तर तारीख चुकली असं वाटेल.

जीर्णपोथी
आविलाच्या तेरेसाचं तर विलक्षणच आहे. ती गेली ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री. त्याच रात्री स्पेनमध्ये नवं पंचांग लागू झालं आणि ४ नंतर थेट १५ तारीख उजाडली. तिचा दिवस १५ ऑक्टोबर.

मूळशोध्या
वा! बरं, वसईकर, गोन्सालोंना मराठीत 'हुतात्मा' म्हणता ना?

किनारपट्टी
'रक्तसाक्षी'. लहानपणापासून प्रवचनात हाच शब्द ऐकला.

शुद्धमराठी
'हुतात्मा' असताना हा जोडशब्द कशाला? हुतात्मा चौक सगळ्यांना कळतो.

जीर्णपोथी
कारण ग्रीक 'मार्तिस'चा अर्थच साक्षीदार. हुतात्म्यात आहुती आहे, साक्ष नाही. 'रक्तसाक्षी'त दोन्ही आलं. मराठीतला इतका नेमका शब्द बाकीच्या महाराष्ट्राला माहीत नसावा, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

विदर्भवासी
मी आज पहिल्यांदा ऐकला. रक्तसाक्षीचं अनेकवचन कसं करता? साक्षीदारासारखं 'रक्तसाक्षीदार' म्हणतात का?

किनारपट्टी
नाही. एकच असो की सव्वीस, 'रक्तसाक्षी'च. 'नागासाकीचे सव्वीस रक्तसाक्षी.'

अनुवादिका
फायली आज संध्याकाळी छपाईला जातात. ६ फेब्रुवारीला 'रक्तसाक्षी' घातला. ३ डिसेंबरच्या चौकटीत अजून नुसतं नाव आहे.