मदत हवी आहे : 180 लिटर गाळायचं आणि दीड लिटरच बाहेर टाकायचं, हे कशासाठी?

नमस्कार. भाचीला सध्या उत्सर्जन संस्था शिकवते आहे. रचना आमची दोघींची पक्की झाली, पण कार्याशी येऊन अडलोय, आणि "पाठ करून टाक" असं तिला सांगणं माझ्या जिवावर येतंय.

आम्हाला काय कळलंय ते आधी लिहिते, चुकत असेल तर तिथेच थांबवा. पोटाच्या मागच्या बाजूला, कण्याच्या दोन्ही अंगांना दोन मूत्रपिंडं. वर यकृत असल्यामुळे उजवं जरा खाली. प्रत्येकात साधारण 10 लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक. नेफ्रॉनच्या सुरुवातीला केशवाहिन्यांचा गुच्छ, त्याभोवती बोमनचं संपुट, पुढे नलिका, हेन्लेचं वळण आणि शेवटी संकलन नलिका. गुच्छात रक्त आणणारी धमनिका रुंद आणि नेणारी अरुंद, म्हणून आत दाब टिकतो. त्या दाबाने पाणी, क्षार, ग्लुकोज, युरिया हे लहान रेणू गाळून निघतात. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं रक्तातच राहतात.

आता अडचण. हे गाळणं मिनिटाला सुमारे 125 मिलिलिटर चालतं, म्हणजे दिवसाला 180 लिटर. लघवी होते एक ते दोन लिटर. बाकी 99 टक्के पुन्हा रक्तात. भाची विचारते, "युरिया टाकायचाय तर नेमका युरियाच उचलून का टाकत नाही? सगळं बाहेर काढून परत घेण्याचा खटाटोप कशाला?" मला पटेल असं उत्तर सापडलेलं नाही.

दुसरा प्रश्न माझा. मूत्राशय गच्च भरल्यावर लघवी मूत्रवाहिन्यांतून उलटी वर का चढत नाही? आकृतीत तिथे झडप काही दिसत नाही.

प्रतिसाद

भाचीला शाबासकी द्या, फार मुळाशी गेली आहे.

टाकाऊ पदार्थ एकेक ओळखून बाहेर काढायचे, तर प्रत्येकासाठी नलिकेच्या पेशींवर वेगळं वाहक प्रथिन लागेल. आणि टाकाऊ पदार्थांची यादी कधी पूर्ण होत नाही. अन्नातून, औषधांतून असे रेणू येतात ज्यांची शरीराशी आधी कधी गाठच पडलेली नसते. याउलट हवं काय, याची यादी आटोपशीर आणि ठरलेली आहे : पाणी, सोडियम, बायकार्बोनेट, ग्लुकोज, अमिनो आम्लं आणि असेच आणखी काही पदार्थ. तेव्हा लहान रेणू सरसकट गाळायचे आणि ओळखीचे परत घ्यायचे. जे कोणी परत घेतलं नाही, ते आपसूक बाहेर जातं.

ग्लुकोजचा हिशोब तिला करायला लावा. रक्तात 100 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर धरलं, तर 180 लिटरमधून दिवसाला 180 ग्रॅम ग्लुकोज गाळलं जातं. निरोगी माणसात ते जवळपास सगळंच्या सगळं नलिकेच्या पहिल्या भागात परत येतं. रक्तातली साखर साधारण 180 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की वाहक प्रथिनं अपुरी पडायला लागतात आणि साखर लघवीत उतरते.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रक्तद्रव एकूण तीनेक लिटर, म्हणजे तो दिवसातून 60 वेळा गाळला जातो. त्यामुळे पाणी, क्षार किंवा आम्लता जराशी बिघडली तरी ती लगेच सावरता येते. पाण्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग तर नलिकेच्या सुरुवातीलाच परत जातो. शेवटचा निर्णय संकलन नलिकेत होतो, पीयूषिका ग्रंथीतून येणाऱ्या एडीएच संप्रेरकाच्या हुकमाने. ते वाढलं तर दिवसाची लघवी अर्ध्या लिटरवर येते, नसेलच तर कित्येक लिटर होते.

खटाटोप म्हणाल तर खरंच आहे. मूत्रपिंडांचं वजन शरीराच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. ऊर्जा मुख्यतः सोडियम पंप करण्यात खर्च होते. पाणी त्याच्यामागोमाग परासरणाने येतं, त्याला वेगळा पंप नाही.

आणि भाचीने सुचवलेली "नेमकं उचलून टाका" ही पद्धतही नलिका काही पदार्थांसाठी वापरते. पेनिसिलिन असंच बाहेर फेकलं जातं, तेही फार झपाट्याने. 1941 साली ऑक्सफर्डमध्ये पहिल्या रुग्णावर उपचार करताना औषध इतकं तुटपुंजं होतं की त्याच्या लघवीतून ते परत मिळवून पुन्हा टोचलं गेलं.

प्रतिसाद

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : झडप वेगळी नसते, मूत्राशयाची भिंतच ते काम करते. मूत्रवाहिनी भिंतीत सरळ घुसत नाही, तिरकी शिरते आणि थोडं अंतर भिंतीच्या आतूनच जाते. मूत्राशय भरला की आतल्या दाबाने तो तुकडा दाबला जाऊन मिटतो. काही बाळांमध्ये हा आतला तुकडा जन्मतः आखूड असतो, तेव्हा लघवी खरोखरच वर चढते आणि मूत्रपिंडापर्यंत जंतुसंसर्ग पोचायची भीती असते.

शिवाय लघवी नुसती वरून खाली ओघळत येत नाही. 25 ते 30 सेंटिमीटरच्या मूत्रवाहिनीचे स्नायू लाटेसारखे आकुंचन पावत ती पुढे ढकलतात, म्हणून आडवं झोपलं तरी काम चालू असतं. मूत्राशयात शिरायची ही जागा सगळ्यांत अरुंद, आणि मुतखडा अडकण्याची शक्यताही इथेच जास्त.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. "हवं त्याची यादी ठरलेली" हे ऐकल्यावर भाचीने लगेच पुढचं विचारलं : मग जे गाळलं जातं पण परत घेतलंच जात नाही, त्यावरून गाळण्याचा वेग मोजता येईल का? रक्ततपासणीत क्रिएटिनीन बघतात ते यासाठीच का?

प्रतिसाद

हो, यासाठीच. क्रिएटिनीन स्नायूंमधून रोज जवळपास सारख्याच प्रमाणात तयार होतं, गाळलं जातं आणि परत घेतलं जात नाही. नलिका त्यात स्वतःहून किंचित भर घालते, पण अंदाजासाठी ते चालून जातं. तिला एक गोष्ट मात्र आवर्जून सांगा. गाळण्याचा वेग निम्म्यावर आला की क्रिएटिनीन साधारण दुप्पट होतं. पण ते मुळात 0.6 असेल तर दुप्पट होऊनही 1.2 च भरतं, आणि पुष्कळ अहवालांत तो आकडा सामान्य मर्यादेत बसतो. म्हणून अहवालात क्रिएटिनीनच्या शेजारी वय आणि लिंग धरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे गाळण्याच्या वेगाचा अंदाज, छापतात. बघायचा तो आकडा.